सात नंबरचा गोठणबिंदू

आफ्के ब्लेस बसून गणित करत नसे. कागद टेबलावर, पेन्सिल हातात आणि पाय खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. मध्येच थांबायची, वाकून एक आकडा लिहायची की पुन्हा चालू. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. माझ्यासमोर आकडेमोडीचं यंत्र. तिने चालता चालता ओरडून आकडे सांगायचे आणि मी बटणं दाबायची. नव्या माणसाला वाटायचं, या दोघींचं भांडण लागलंय.

झान नदीच्या काठी, वोर्मरफेर गावात आमचा कारखाना. पूर्वी तिथे मेणबत्त्या व्हायच्या, म्हणून त्या बंद होऊन पंचवीस वर्षं उलटली तरी गाव त्याला ‘मेणबत्ती’च म्हणे. "काय हिले, मेणबत्तीत चाललीस का?" असं मला पावाच्या दुकानात विचारत. आम्ही तेलं आणि चरबी फोडून त्यातली मेदाम्लं वेगळी करायचो आणि साबणवाल्यांना, रबरवाल्यांना, वंगणवाल्यांना विकायचो.

आफ्केचं काम अंदाजाचं. मेदाम्लं म्हणजे कार्बनच्या साखळ्या. कुणाची आखूड, कुणाची लांब, कुणाची सरळ, कुणाची मध्येच वाकलेली. किती अंशांवर उकळेल, किती अंशांवर गोठेल, किती दाट वाहील, गोठताना किती आकसेल, हे प्रत्येक आम्लाबाबत कुणी मोजून ठेवलेलं नसतं. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून ठरवायचं. एक कार्बन वाढला की उकळायला एवढं जास्त तापमान, साखळी वाकली की गोठायला एवढं कमी. सोपं वाटतं, पण आम्लं लबाड असतात. उकळण्याचा आलेख शहाण्यासारखा चढत जातो, वितळण्याचा मात्र करवतीच्या दातांसारखा वरखाली. कार्बन सम संख्येत असले तर उशिरा वितळतं, विषम असले तर त्याच्या आधीच्या भावापेक्षाही लवकर. आफ्केला हे दात पाठ होते. "सरळ रेघ मारणाऱ्याचा इथे घात होतो," ती म्हणायची.

तिचा नवरा खेरब्रांत. सगळे त्याला नुसतं ब्रांत म्हणत. टाक्या, पाइप आणि नदीवरचा धक्का, सगळ्या आवाराचा तो फोरमन. नवरा म्हणाले खरी, पण १९७८ च्या वसंतात त्यांचा घटस्फोट झाला होता. तिसरं माणूस नव्हतं, मारहाण नव्हती, दारू नव्हती. ब्रांत एकदा मला म्हणाला होता, "हिले, तिच्याबरोबर राहणं म्हणजे स्टेशनावर संसार मांडणं. सारखी कुठलीतरी गाडी यायची असते." आफ्के पुलापलीकडच्या लहानशा घरात राहायला गेली आणि नोकरी दोघांचीही तिथेच राहिली. कँटीनमध्ये ती आत आली की ब्रांतच्या टोळीतला कुणीतरी हळूच म्हणायचा, "चला रे, सरका, माजी वहिनी आल्या." ब्रांत त्याच्याकडे असं बघायचा की बोलणाऱ्याचा घास घशात अडकावा.

१९७८ च्या शरदात सात नंबर आला.

सात नंबर म्हणजे नवा माल. एरवी आम्ही जे पातळ आम्ल विकायचो, त्याच्या साखळ्या वाकलेल्या. वाकलेले चमचे एकावर एक नीट बसत नाहीत, तशा त्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून ते हिवाळ्यातही पातळ राहायचं. सात नंबरमध्ये त्यातल्या काही साखळ्या मुद्दाम सरळ करायच्या होत्या. ऱ्हाइनवरच्या एका वंगण कारखान्याला तसं मिश्रण हवं होतं आणि ते बोटीने न्यायला ते तयार होते. प्रश्न एवढाच, की ते गोठणार किती अंशांवर?

या प्रश्नावर सगळा पाइप अवलंबून होता. टाकीपासून धक्क्यापर्यंतचा आमचा लांब पाइप नुसता कापसासारख्या वेष्टनात गुंडाळलेला होता. त्याला तापवायची सोय नव्हती, कारण पातळ आम्लाला कधी गरजच पडली नव्हती. माल टाकीतून गरम सोडायचा आणि तो निवायच्या आत बोटीत पोचवायचा. मध्ये पंप थांबला तर तो गोठायला किती वेळ लागेल, हे गोठणबिंदूवरून ठरणार.

आफ्केने आठवडाभर येरझाऱ्या घातल्या. माझ्या यंत्राची बटणं झिजली. शेवटी ती म्हणाली, "सत्तावीस. एखादा अंश इकडे तिकडे."

प्रयोगशाळेने नमुना घेऊन थर्मामीटर बुडवला आणि सांगितलं, एकोणीस.

आमचे साहेब डॉक्टर सीब्रेन ओटर. उंच, वाकलेले, खिशात कायम पेपरमिंट. माणूस भला होता. त्यांनी दोघींना समोर बसवलं. म्हणजे मी बसले, आफ्के खिडकीपाशी उभी राहिली.

"आफ्के, आठ अंशांचा फरक आहे."

"दिसतंय मला."

"तुझं गणित किती पक्कं?"

"गणित पक्कं आहे. सरळ झालेल्या साखळ्यांचं प्रमाण मी धरलंय, मोजलेलं नाही. ते कमी निघालं तर आकडा खाली येईल. पण एकोणीस? एकोणीस कसा येईल, ते मला कळत नाही."

"पण त्यांनी थर्मामीटर लावून बघितलंय."

"हो."

"आणि थर्मामीटरसमोर अंदाज..." त्यांनी पेपरमिंट तोंडात टाकली. "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

आफ्केने खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. "मी पुन्हा मोजायला सांगितलं असतं."

"सांगितलं. पुन्हा एकोणीसच आला."

एकोणीस धरला तर पंप थांबला तरी अख्खी दुपार हातात होती. सत्तावीस धरला तर जेवणाची सुट्टीही महागात पडली असती. पाइपला तापवायची नळी गुंडाळायला वसंत उजाडला असता आणि तोवर गिऱ्हाईक थांबणार नव्हतं. साहेबांनी एकोणीस धरला. त्यांच्या जागी मीही तोच धरला असता.

त्यानंतर आफ्केला चैन पडेना. कामात चूक झाली असती तर ती शांत बसली असती, कारण चूक शोधून काढता येते. इथे चूक सापडत नव्हती. एक दिवस तिने सगळं पहिल्यापासून मांडलं, दुसऱ्या दिवशी फाडून टाकलं. कँटीनमध्ये सूप समोर ठेवून चमचा फिरवत बसायची आणि सूप थंड झालं की उठायची. माझ्या घरी कॉफीला आली तर कपबशी हातात घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या.

"बस ना गं," मी म्हणायची. "माझी फरशी झिजेल."

"हिले, थर्मामीटर खोटं बोलत नाही. मीही खोटं बोलत नाहीये. मग खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही. जरा बिस्किट खा."

ती बिस्किट घ्यायची आणि तसंच बशीत ठेवून द्यायची.

नाताळापर्यंत हवा मऊ होती. नव्या वर्षाच्या तोंडावर ती एकदम फिरली. उत्तरेचा वारा सुटला, एका दिवसात पाऊस, गारा आणि बर्फ असं सगळं आलं. रस्ते काचेसारखे झाले. झानवर कडेकडेने बर्फ धरायला लागला. आणि नेमकी जानेवारीतल्या त्या गारठ्यात सात नंबर न्यायला पहिली बोट धक्क्याला लागली.

सकाळी माल सोडला. अर्धी बोट भरली नाही तोच नदी मोकळी ठेवणारी बर्फफोडी बोट वरच्या अंगाने आली. आमची बोट वाटेत होती, ती बाजूला घेणं भाग पडलं. पंप थांबवला. नेमाप्रमाणे पाइपमधला माल दाबाच्या हवेने ढकलून बाहेर काढायचा, पण हवेच्या नळीत साठलेलं पाणी रात्रीच गोठलेलं. हवा येईना. ब्रांतच्या टोळीने नळीवर गरम फडकी टाकली, शिव्या घातल्या, हातोड्याने ठोकलं. ती मोकळी झाली तोवर पाइपमधला सात नंबर हलेनासा झाला होता.

ही बातमी टेलिफोनवरून आमच्या खोलीत आली. मीच उचलला होता. फोन ठेवून मी आफ्केकडे बघितलं. ती कपाटापाशी होती.

"पाइप बसला," मी म्हणाले.

मला वाटलं, तिच्या चेहऱ्यावर थोडं तरी समाधान दिसेल. माणूस आहे शेवटी. पण तिचा चेहरा उतरला.

"वाफ लावणार असतील."

"लावणारच. दुसरं काय करतील?"

ती दारातून निघून गेली. कोट खुंटीवर तसाच. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी. मी तिचा कोट उचलला, स्वतःचा अंगात चढवला आणि तिच्यामागे धावले. पंचेचाळिशीची बाई बर्फावरून कशी धावते, ते विचारू नका.

ती ब्रांतकडे गेली नव्हती. आधी धक्क्यावर गेली, पाइपच्या तोंडापाशी. तोंड उघडं होतं, खाली बादली, आणि बादलीत ठिबक ठिबक आम्ल पडत होतं. एक पोरगेला कामगार हात काखेत घालून पहाऱ्याला उभा होता.

"उघडलंय बाई," तो खुशीत म्हणाला. "मघापासून गळतंय. फोरमन म्हणाले, तोंड मोकळं आहे, आता मधून वाफ द्यायला हरकत नाही."

आफ्के बादलीपाशी गुडघ्यांवर बसली. तिने हातमोजा काढला, बोट बुडवलं आणि दुसऱ्या बोटावर चोळलं. मग बादली उजेडाकडे कलती केली. आम्ल पाण्यासारखं पातळ आणि नितळ होतं.

"हिले, हे बघ."

"बघितलं. काय आहे?"

"हे थंडगार आहे. आणि स्वच्छ." ती उठली. "या थंडीत सात नंबर स्वच्छ असूच शकत नाही. सरळ साखळ्या आत गोठून बसल्यात आणि त्यांच्या फटींतून फक्त वाकलेल्यांचा रस गळतोय. पाइप उघडलेला नाही. स्पंजातून पाणी गळतं ना, तसं गळतंय."

मला तेव्हा कुठे उमजलं. आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, की तोंड मोकळं असल्याशिवाय पोट तापवायचं नाही. मेदाम्ल वितळताना फुगतं. दोन्हीकडून बूच बसलेल्या पाइपमध्ये मध्येच वितळलं तर त्याला जायला जागा नसते. ब्रांतला हे पुरेपूर माहीत होतं. म्हणूनच त्याने आधी तोंड उघडून बघितलं होतं. गळती बघून त्याचं समाधान झालं आणि ते गैर नव्हतं. इतकी वर्षं पातळ आम्लाचा तोच नियम होता.

वाफेची नळी धक्क्यापर्यंत पुरत नव्हती. ती रस्ता ओलांडणाऱ्या लोखंडी कमानीपर्यंतच पोचायची, पाइपच्या बरोबर मध्यावर. आम्ही दोघी तिकडे धावलो. दुरूनच पांढरी वाफ दिसली. ब्रांत कमानीच्या शिडीवर होता, खाली त्याची टोळी.

"आल्या," कुणीतरी म्हणालं. "सत्तावीस नंबर आल्या."

एकदोघे हसले. ब्रांतने मान वळवली. आफ्केच्या अंगात नुसता लोकरी स्वेटर, केस विस्कटलेले, श्वास धपापत. तिला बघून त्याचा जबडा आवळला.

"आता नको," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस, हे मला कळलंय. सगळ्या आवाराला कळलंय. ते संध्याकाळी ऐकवायला ये."

"ब्रांत, वाफ बंद कर."

"तोंड उघडं आहे."

"नाहीये."

"अगं, गळतंय! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मीही बघितलंय. ते सात नंबर नाही, त्यातला नुसता नितळ रस आहे. तू दह्यावरचं पाणी बघून दही पातळ आहे म्हणतोयस. आतलं घट्ट तसंच आहे. हे बघ, बोटं बघ माझी, गरम आहेत का? तुझ्या वाफेने वितळलेलं काही तिथवर पोचलं असतं तर ते कोमट तरी असतं ना!"

ब्रांत तिच्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिला. दहा वर्षं संसार केला होता त्यांनी. तिच्या आवाजातलं कुठलं कापणं नेहमीच्या बेचैनीचं आणि कुठलं भीतीचं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"किती फुगतं हे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नक्की माहीत नाही. पण जागा शून्य असेल तर शंभरावा हिस्साही पुरे."

ब्रांत शिडीवरून उतरला. "सगळे मागे," तो म्हणाला. "बॉयलर घराच्या भिंतीपलीकडे. आत्ता. कुणी वळून बघायचं नाही." टोळी गेली. मघाशी हसणारा सगळ्यात पुढे. "तूही," तो आफ्केला म्हणाला.

"व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"तो मी बंद करतो. हिले, हिला घेऊन जा."

मी तिचा दंड धरला आणि ओढत नेलं. ब्रांत कमानीच्या पायथ्याशी वाफेचं चाक फिरवत होता. वाफ बारीक होत गेली, मग थांबली. तो उठून उभा राहिला, आमच्याकडे बघून त्याने हात वर केला. आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरचा जोड फुटला.

आवाज फार मोठा नव्हता. ओलं जाड फडकं दगडावर आपटावं तसा. वाफ थांबली तरी तापलेल्या पाइपमधला माल वितळून फुगतच होता. पाइपच्या जोडातली चकती एका बाजूने उडाली आणि तिथून पांढरट फवारा सुटला. गरम माल हवेत येता येताच निवत होता. बर्फावर पडेतो त्याचे मेणासारखे पापुद्रे झाले. पण ब्रांत फवाऱ्याच्या अगदी खाली होता, त्याच्यापर्यंत तो गरमच पोचला.

आफ्के माझ्या हातातून कधी सुटली, मला कळलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर होता. टोपी, खांदा, मान, डावा हात, सगळ्यावर पांढरा थर धरत चाललेला. मेण चढवलेल्या पुतळ्यासारखा. त्याने डोळे मिटून घेतले होते, म्हणून डोळे वाचले.

"पाणी," आफ्के ओरडली. "कपडे ओढू नका, आधी पाणी!"

टोळीने त्याला उचलून बॉयलर घराच्या न्हाणीत नेलं. आफ्के अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्याबरोबर पाण्याखाली उभी राहिली आणि त्याचा हात धारेत धरून ठेवला. ब्रांत दात आवळून म्हणत होता, "पाइपला हात लावू देऊ नका कुणाला, अजून दाब असेल." मी दारात कोट घेऊन उभी. दुसरं काय करणार?

रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाने भिजून थरथरणाऱ्या आफ्केकडे बघितलं. "तुम्ही बायको का?"

"होते."

"होते म्हणजे?"

"म्हणजे मी येतेय," ती म्हणाली आणि चढली. मी तिच्या अंगावर कोट फेकला.

दुपारी मी झान्दामच्या इस्पितळात गेले, तेव्हा ती तिथल्या बोळातून फेऱ्या मारत होती. अंगात कुणाचातरी ढगळ झगा. परिचारिका वैतागली होती. "बाई, जरा बसा हो. तुम्हाला बघून माझ्या पेशंटांना घेरी येतेय."

मान आणि हात भाजला होता, पण खोलवर नाही. पाण्याची धार लगेच मिळाली, म्हणून निभावलं, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. आत सोडलं तेव्हा ब्रांत उशीला टेकून बसला होता, डावी बाजू सगळी पांढऱ्या पट्ट्यांत.

"सत्तावीस," तो म्हणाला. "जिंकलीस."

"नाही." ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "मघाशी प्रयोगशाळेत फोन केला होता. त्यांनी टाकीतला माल चांगला ढवळून घेतला आणि मोजला. चोवीस आला. सरळ साखळ्या मी धरल्या होत्या त्यापेक्षा कमी निघाल्या. मीही चुकलेच."

ब्रांत हसायला लागला, मग दुखलं म्हणून शिवी हासडली. "अगं बये, मग एवढा आरडाओरडा कशाचा केलास?"

"आरडाओरडा आकड्याचा नव्हता. बादलीतल्या पाण्याचा होता."

"सत्तावीस असता तरी पाइप बसलाच असता?"

"बसला असता. थोडा आधी."

तेवढ्यात डॉक्टर ओटर आले. हातात संत्र्यांची पिशवी, चेहरा राखेसारखा. त्यांनी आधी ब्रांतची चौकशी केली, पिशवी कुठे ठेवावी ते न कळून माझ्या हातात दिली. मग आफ्केकडे वळले.

"एकोणीस कसा आला, ते सापडलं," ते म्हणाले. "नमुन्याचं पिंप शेडमध्ये होतं. बाहेरच्या शेडमध्ये, शरदातल्या गारव्यात. सरळ साखळ्या गोठून तळाला बसल्या असणार. पोरांनी वरचं ओतून घेतलं आणि तेच मोजलं. दोन्ही वेळा त्याच पिंपातलं, वरचं. त्यांचं मोजमाप अगदी बरोबर होतं. फक्त ते सात नंबरचं नव्हतं."

आफ्केने डोळे मिटले. इतक्या आठवड्यांचं भूत एका वाक्यात उतरलं होतं, आणि तरी तिला खुर्चीवर बसावंसं वाटलं नाही.

"आकडा मी ठरवला होता," साहेब म्हणाले. "वर तसं सांगून आलोय. तुमच्यापैकी कुणाचं नाव त्यात नाही." त्यांनी खिशात पेपरमिंट चाचपली. "पण एक सांगतो आफ्के. उद्या पुन्हा मोजमाप आणि अंदाज समोर आले, तर मी मोजमापच धरीन."

"धरा ना," ती म्हणाली. "मीही धरीन. फक्त पिंप कुठे ठेवलं होतं, ते विचारून घ्या."

पाइपला तापवायची नळी आली, धक्क्यापर्यंत वाफही पोचली. सात नंबर वसंतात निघाला आणि मग वर्षानुवर्षं निघत राहिला. त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नाही. सांगायची ती त्या फेब्रुवारीतली एक दुपार.

थंडी हटली नव्हती. झान आता काठापासून काठापर्यंत गोठली होती आणि रविवारी सगळं गाव बर्फावर उतरलं होतं. काठावर तंबू टाकून कुणी वाटाण्याचं दाट सूप विकत होतं. मी माझ्या बहिणीबरोबर होते. ब्रांत तिथे उभा दिसला, हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात सुपाची वाटी. आफ्के स्केट घालून त्याच्यासमोर बर्फावर. उभी म्हणवत नाही, जागच्या जागी पुढेमागे सरकत होती.

"झोप लागते का?" ती विचारत होती.

"नाही. डोळे मिटले की तो जोड फुटतो. उठतो आणि घरात फिरत बसतो. काल खालची म्हातारी काठीने छत ठोकत होती."

"मलाही नाही लागत."

"तुला कधी लागत होती?"

ती हसली. मी तिला हसताना बघून किती महिने झाले होते, कोण जाणे.

"स्केट का नाही घातलेस?" तिने विचारलं.

"एका हाताने तोल राहत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, पडलास तर पुन्हा आमच्याकडे येऊ नकोस."

आफ्केने इकडे तिकडे बघितलं. सूपवाल्याच्या तंबूपाशी लाकडी खुर्च्या होत्या. लहान पोरं चालायला शिकताना पुढे ढकलतात, तसल्या. तिने एक ओढून बर्फावर आणली.

"बस."

"वेडी झालीस का? सगळं आवार इथे आहे."

"असू दे. बस म्हणते ना."

तो बसला. सहा फुटांचा फोरमन, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, मांडीवर सुपाची वाटी. त्याच्या टोळीतल्या कुणीतरी लांबून शीळ घातली. "फोरमन, तिकीट काढलंत का?" ब्रांतने वळून बघितलं नाही. आफ्केने खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले, पाय रोवले आणि ढकललं. खुर्ची आधी अडखळली, मग सुटली. सूप सांडलं. ब्रांत ओरडला, "सावकाश!" आणि ती सावकाश झाली नाही. पुलाखालून, गोठलेल्या बोटींच्या कडेने, कारखान्याच्या धक्क्यावरून ती दोघं पुढे जात लहान होत गेली.

त्यांनी पुन्हा लग्न केलं का, असं मला अजून कुणीकुणी विचारतं. नाही केलं. ब्रांतने पुढे दुसरं घर मांडलं, आफ्के एकटीच राहिली आणि आठवड्यातला एक दिवस टाक्यांच्या आवारात, तिथल्या माणसांबरोबर काढू लागली. पण त्या दुपारी ती दोघं वळणापलीकडे दिसेनाशी झाली, आणि सूपवाला मला म्हणाला, "बाई, माझी खुर्ची परत येणार आहे ना?"

मी म्हणाले, "सांगता येत नाही हो."